आफ्रिकेचा नकाशा मी परत देणार नाही

साक्रीकडच्या एका हायस्कुलातला आफ्रिकेचा नकाशा माझ्याकडे आहे. जळगावात, माझ्या घरी, कपाटाच्या कोपऱ्यात गुंडाळून उभा ठेवलाय. 'सदर नकाशा ही शाळेची मालमत्ता असून आठ दिवसांत परत करावा, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल,' असं शाळेचं पत्र आलं, त्याला दोन महिने होऊन गेले. मी काही कळवलं नाही. मग या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा म्हणून. म्हटलं, बरं झालं. जे सांगायचं ते चारचौघांसमोर सांगू. नकाशा मी उचलला, दिवसाढवळ्या, शिक्षकांच्या देखत उचलला, आणि तो मी परत देणार नाही. का देणार नाही, ते नीट कळायचं तर आधी माझा धंदा कळायला हवा, आणि तो आता माझ्या नातवंडांनाही कळत नाही.

आमचं दुकान तसं बाइंडिंगचं. पण खरं काम शाळांच्या नकाशांचं. वर्गात भिंतीवर लटकणारा मोठा नकाशा तुम्ही पाहिला असेल. मागे मांजरपाटाचं जाडं कापड, वर-खाली लाकडी दांड्या, अंगावर वार्निश. तो फाटतो, कोपरे दुमडतात, उंदीर समुद्र खातात. ते सगळं दुरुस्त करायचं. हे काम अब्बांनी सुरू केलं, मी पुढे नेलं. सावद्यापासून थेट साक्रीपर्यंत एसटीच्या टपावर नकाशे टाकून आम्ही हिंडलो. आमचा हंगाम उन्हाळ्याचा. परीक्षा संपल्या, वर्ग रिकामे झाले की आम्ही खळीचं पातेलं घेऊन निघायचो. खळ म्हणजे गव्हाच्या पिठाची, कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद.

फाटलेलं जोडणं सोपं. अवघड काम वेगळंच होतं. नकाशा महाग, शाळा गरीब, आणि जग काही स्वस्थ बसत नाही. कुठे लढाई पेटते, कुठे कोणी एखादा विचार घेऊन राजवाड्यात घुसतो, कुठे चार माणसं टेबलाभोवती बसून सह्या करतात, आणि खानदेशातल्या भिंतींवरचे नकाशे बसल्या जागी खोटे ठरतात. दरवेळी नवा नकाशा घेणं शाळांना परवडायचं नाही. मग आम्ही तेवढ्या देशाचं ठिगळ लावायचो. ट्रेसिंग पेपरवर आकार उतरवायचा, कागद कापायचा, जलरंग द्यायचा, टाकाने नाव लिहायचं, डकवायचं. जर्मनीत एकदा भिंत उठली आणि एकदा पडली. पडली तेव्हा मला नुसती एक रेघ रंगाखाली घालावी लागली. सगळ्यात कमी श्रमाचं काम ते. युगोस्लाव्हियाने मात्र माझा अंत पाहिला. एक ठिगळ वाळेपर्यंत दुसरं लावायची वेळ. शेवटी सावद्याच्या एका शाळेत तेवढ्या जागेवर मी कोरा कागद डकवला आणि पेन्सिलीने लिहिलं, 'काम चालू आहे'. तपासणीला आलेले साहेब त्यापुढे थांबले. म्हणाले, या नकाशात एवढंच बरोबर आहे.

अब्बांचा एकच नियम होता. "खुरचना नहीं. ऊपर लगाना." जुना देश खरवडायचा नाही, नवा त्याच्यावर लावायचा. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, खाली जे आहे तेही कोणाचं तरी गाव होतं.

सत्तेचाळीस साली अब्बा पंचविशीत होते. हिंदुस्थानच्या नकाशांवर नवी रेघ आणि नवा रंग चढवायचं काम गावोगावच्या शाळांनी त्यांनाच दिलं. एका शाळेत कोणीतरी हसत म्हणालं, "मियां, डकवता डकवता तुम्हीही तिकडेच डकवून घ्या." अब्बांनी हातातला ब्रश खाली ठेवला नाही. म्हणाले, "लकीर मैंने नहीं खींची. मैं जलगांव का हूँ, पाँच की गाडी से घर जाऊँगा." आणि पाचच्या गाडीने घरी आले. मी त्यांचा मुलगा, त्याच गल्लीत एकाहत्तराव्या वर्षी बसून हे लिहितोय. अजूनही कधी कधी कोणी तसलं बोलतं. त्यांच्यासाठी उत्तर तेच आहे, फक्त गाडीची वेळ बदललीय.

एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतो. नशिराबादला चौधरी सर म्हणून इतिहासाचे शिक्षक होते. पक्के लाल विचारांचे. धाकट्या मुलीचं नावही त्यांनी रशियन ठेवलं होतं. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा मॉस्कोत झेंडा उतरला आणि माझ्या घरी पातेलं चढलं. एका देशाचे पंधरा तुकडे. दोन उन्हाळे मी दुसरं काही केलं नाही. नशिराबादला गेलो तर सर वर्गाच्या दारात आडवे उभे.

"माझ्या वर्गात हे होणार नाही."

"सर, देश गेला."

"देश गेला असेल. विचार गेला असं कोणी सांगितलं तुला?"

"मी विचार डकवत नाही, सर. कागद डकवतो."

त्यांनी मला चहा पाजला आणि परत पाठवलं. तीन वर्षांनी स्वतः निरोप धाडला. मी गेलो तेव्हा ते बाकावर बसून होते. म्हणाले, "लाव. पण पुरता चिकटवू नकोस." म्हणून मी ते मोठं ठिगळ फक्त वरच्या कडेला डकवलं. अशा ठिगळाला आम्ही पापणी म्हणतो. खालून उचलली की आतलं दिसतं. पुढे म्हणे सर आधी नवे पंधरा देश शिकवायचे, मग पापणी उचलून थोडा वेळ नुसते उभे राहायचे. मुलं वाट बघत बसायची. मला तेव्हा ते पोरकट वाटलं होतं. आता वाटत नाही.

अब्बांचा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला, आणि तो नेमका नको तिथे.

त्याच सुमाराला आफ्रिकेत एक नवा देश झाला, इरिट्रिया. तांबड्या समुद्राच्या काठची चिंचोळी पट्टी. आधी इटलीची वसाहत. मग दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी ती जिंकली. मग ती इथिओपियाला जोडली गेली, आणि तिथली माणसं तीस वर्षं लढून पुन्हा सुटी झाली. मी त्या वर्षी साक्रीकडच्या त्या हायस्कुलात पोचलो तेव्हा एप्रिल संपत आला होता. शिपाई सुपडूनानांनी मला हॉल उघडून दिला. आफ्रिकेचा नकाशा जुना, दणकट, अब्बांच्या हाताचा. इंग्रज-फ्रेंचांपासून सुटलेल्या देशांची ठिगळं त्यांनीच लावलेली, एकाचीही कड उचललेली नव्हती.

मला हवी ती पट्टी सापडली. तिच्यावर चिंचोक्याएवढा लाल डाग होता. कोणी शाई सांडली असेल, नाहीतर पान खाऊन कोणी शिंकलं असेल, असं मी समजलो. आधी कणकेच्या गोळ्याने पुसलं. मग ओल्या कापसाने. तरी तेलकट लाली जाईना, आणि तेलावर खळ धरत नाही. पुढे सात शाळा बाकी होत्या. मी सुरी घेतली आणि खरवडलं. वर नवा देश डकवला, पुरता, चारी कडांनी. दाबून बसवला. काम झकास झालं असं मला वाटलं, हेही कबूल करतो.

मुक्काम शाळेतच होता. दुसरा दिवस आखाजीचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि खानदेशात ती दिवाळीपेक्षा मोठी. सासरच्या लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, दिवसभर गाणी म्हणतात. त्याच दिवशी घरोघरी घागर भरून, गोडधोड करून पितरांना पाणी देतात.

सकाळी दहाच्या सुमाराला मी दांड्यांना पॉलिश करत होतो. पन्नाशी ओलांडलेली एक बाई हॉलच्या दाराशी आली. हातात झाकलेलं ताट. सुपडूनाना म्हणाले, "ये अक्का," जणू ती येणारच होती. तिने दाराबाहेर चपला काढल्या, सरळ आफ्रिकेपुढे गेली, ताटातल्या वाटीत बोट बुडवलं. बोट वर नेलं आणि हात तसाच राहिला.

"नाना," ती सुपडूनानांना अहिराणीत म्हणाली, "मना बाप कोठे गया?"

माझा बाप कुठे गेला, असं ती विचारत होती. सुपडूनानांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी मला जे सांगितलं ते असं. ही ठगूअक्का. माहेर याच गावचं, सासर पलीकडे तासाभरावर. तिचा बाप इंग्रजांच्या पलटणीत गेला आणि आफ्रिकेत इटलीच्या फौजेशी लढताना मेला. ती तेव्हा आईच्या पोटात होती. फोटो नाही, राख नाही, काही नाही. इंग्रजीतला एक कागद तेवढा आला. अक्काचं लग्न झालं त्या सुमाराला शाळेतल्या भूगोलाच्या गुरुजींनी तो कागद वाचला, पुस्तकं धुंडाळून जागा शोधली आणि या नकाशावर पेन्सिलीचा ठिपका दिला. म्हणाले, ठगू, तुझा बाप इथे आहे. पुढे तो कागद वाळवीने खाल्ला. गुरुजी वारले. गावाचं नाव परक्या मुलखाचं, अक्काच्या ध्यानात राहिलं नाही. तिने जागा ध्यानात ठेवली. दर आखाजीला माहेरी यायचं, तेलात कालवलेलं कुंकू त्या ठिपक्यावर लावायचं, नमस्कार करायचा. बाकीच्या लेकी बापाच्या पाया पडतात. ही नकाशाच्या पडायची. तीस-बत्तीस वर्षं.

अक्का सगळं ऐकत उभी होती. मग माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

"भाऊ, तू मना बापले पुशी टाकं."

मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत. पण बापाला पुसून टाकलंस, हे एक वाक्य अजून जात नाही. मला लाज वाटली, आणि अब्बा त्या वेळी हयात नव्हते याचं मला बरं वाटलं.

मी ठिगळ ओलं करून हळूहळू उचललं. त्याच्याबरोबर खालचा सुटा झालेला कागदही वर आला. उरला नुसता पांढरा भुसा. ठिपका नाही, डाग नाही, खालचा देशही नाही. शाळेतला ॲटलास काढला, पण तिचा बाप जिथे पडला त्या गावाचं नाव त्यात असलं तरी ते कोणतं, हे सांगणारं कोण होतं? अक्का ताट घेऊन भिंतीशी बसली. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. सुपडूनाना म्हणाले, अंदाजाने दे एक ठिपका, तिला काय कळणार आहे. मी म्हटलं, तिला कळेल. आणि नाही कळलं तरी मला कळेल.

अंदाजाने मी देशांच्या सीमा लावल्या आहेत. वर्तमानपत्रातल्या तळहाताएवढ्या नकाशावरून अख्खं राज्य वाढवून काढलंय. मोठमोठ्या साहेबांनी तर खऱ्या सीमाच पट्टीने आखल्या, असं म्हणतात. पण हे काम अंदाजाने करायला माझा हात धजेना.

मग जे सुचलं ते हातांना सुचलं. नकाशा खिळ्यावरून उतरवला आणि जमिनीवर पालथा घातला. मांजरपाटाची पाठ पिवळट, धुळीने भरलेली. उजवीकडचा भाग शोधायचा तो पालथ्यावर डावीकडे आला. आणि तिथे होता. तेलाचा फिकट गोल, आणि त्याच्या मधोमध गर्द लाल टिपका. बत्तीस आखाज्यांचं तेल आणि कुंकू कागदातून उतरून कापडात मुरलं होतं. मी पुढून खरवडलं, पाठीवर तो शाबूत होता.

"अक्का, इकडे या," मी म्हटलं. ती वाकून बघायला आली. पदराची कड तोंडाशी धरली.

मी नवा इरिट्रिया पुन्हा कापला, रंगवला, डकवला. वाळू दिला. तोवर अक्का हलली नाही. मग बाइंडिंगची दाभण घेतली आणि पाठीकडून, त्या लाल टिपक्यातून, सरळ आरपार घातली. नव्या देशाच्या अंगावर बारीक भोक पडलं. अक्काने बोट बुडवलं आणि त्यावर टेकवलं. "हां. तठेच," म्हणाली. जाताना ताटातली सांजोरी माझ्या हातावर ठेवली. तिने माफ केलं असं मी म्हणत नाही. सणाच्या दिवशी कोणाला उपाशी ठेवत नाहीत, एवढंच असेल.

नंतर नशिराबादला मी चौधरी सरांना हे सांगितलं. त्यांनी लगेच नाव काढलं. एक्केचाळीस साल, केरेनची लढाई. आपल्याकडची कितीतरी पोरं तिथल्या डोंगरात पडली. सर हातवारे करत सांगू लागले, एका बाजूला फॅसिस्ट, दुसऱ्या बाजूला साम्राज्यवादी. मी विचारलं, "आणि मधे कोण, सर?" सरांनी हात खाली घेतले आणि माझ्यासाठी आणखी चहा सांगितला.

आता यंदाची गोष्ट. मी धंदा बंद करून दहा वर्षं झाली. शाळाशाळांत भिंतीवर डिजिटल पडदे आले. देश फुटला तर म्हणे आपोआप बदलतो. चांगलं आहे, माझी तक्रार नाही. एप्रिलमध्ये त्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. "चाचा, जुने नकाशे रद्दीत जाणार आहेत. तुमच्या हाताचं काम, म्हणून कळवते." मी दुसऱ्या दिवशी साक्रीच्या गाडीत बसलो.

हॉलमध्ये नकाशांचा ढीग, आणि बाई, दोन-तीन शिक्षक, संस्थेचे सचिव हजर. माणूस वाईट नाही. शाळेचे पत्रे त्यानेच बदलून घेतले, मुलींसाठी संडास त्यानेच बांधले. मी म्हटलं, बाकीचे न्या, आफ्रिका तेवढी भिंतीवर राहू द्या. आणि अक्काची हकीकत सांगितली.

"मला माहीत आहे ते," सचिव म्हणाले. "म्हणूनच तो आधी काढायचाय. इंग्रजांसाठी मेलेल्या माणसाला लावलेलं कुंकू शाळेच्या भिंतीवर ठेवायचं? मुलांनी यातून काय घ्यायचं? तो काही देशासाठी गेला नाही."

"कोणत्या देशासाठी जायचं होतं त्याने? तेव्हा हाही देश नकाशावर इंग्रजांच्या गुलाबी रंगातच होता."

"चाचा, तुम्ही कागद चिकटवा. इतिहास आमच्यावर सोडा."

आता मी तसा शांत माणूस. पण चाळीस वर्षं ज्यांचा इतिहास चिकटवला त्यांनी मला हे सांगावं, हे काही मला पटलं नाही. मी म्हटलं, "साहेब, ज्यांनी लढाया पुकारल्या त्यांची नावं पाठ करून तुमची मुलं पास होतात. कोणी कुठल्या रंगाचा झेंडा लावला, कोणी कुठे सही केली, सगळं परीक्षेला येतं. आणि जो मेला त्याचा टाचणीएवढा ठिपका तुमच्या भिंतीला जड होतो? तो बरोबर बाजूने मेला की चुकीच्या, हे त्याच्या लेकीने ठरवायचं का? तिने त्याला पाहिलंसुद्धा नाही."

"नियमाप्रमाणे नकाशा रद्दीत जाईल," सचिव म्हणाले.

"रद्दीत जाणारच आहे ना?" मी वाकलो, आफ्रिका गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि निघालो. मागून कोणीतरी "अहो चाचा" म्हणालं. बाईंनी दार धरून ठेवलं होतं, हे मी लिहायला नको होतं, पण लिहून गेलो. रद्दीची वस्तू मी नेल्यावर मालमत्ता झाली, ही गंमत मला पत्र आल्यावर कळली.

त्यानंतर आठच दिवसांनी आखाजी होती. ठगूअक्का आता त्र्याऐंशीची. गुडघे गेले, मोतीबिंदूने नजर गेली, माहेरी यायचं तिचं चार वर्षांपूर्वीच थांबलं. तेव्हा यंदा माहेरच तिच्याकडे गेलं. मी नकाशा घेऊन तिच्या सासरच्या गावी उतरलो. सुनेने ओसरीच्या खुंटीला तो टांगायला मदत केली. अक्का भिंतीला धरून उभी राहिली. मी तिचा हात धरून जागेवर न्यायला गेलो तर तिने माझा हात बाजूला सारला. तळव्याने समुद्राची कड चाचपली, तिथून बोट आत सरकवलं, जरा खाली, आणि थांबलं. दाभणीचं भोक तिच्या बोटाला लागलं होतं. सुनेने वाटी पुढे केली.

कुंकू लावून झाल्यावर अक्काने नेहमीचं विचारलं. त्या वर्षापासून मी भेटलो की ती हेच विचारते, तिथे आता राज्य कोणाचं.

"आते तठे कोन्हा राज शे, भाऊ?"

"तेच, अक्का. जे मागच्या वेळी सांगितलं तेच."

"आजून भांडतस का?"

"भांडतात. मधे शेजाऱ्याशी मोठी लढाई झाली सीमेवरून. पुन्हा होईल असं पेपरात येतं."

तिने कुंकवाचं बोट पदराला पुसलं.

"भांडू दे. राज काय, बदली जास," ती म्हणाली. "मना बाप तठेच शे."

शाळेच्या पत्राचं उत्तर लिहायला मी तीनदा बसलो, तिन्ही कागद फाडले. आता हेच उत्तर समजावं. पुढील कार्यवाही करायची असेल तर जरूर करा. नकाशा न्यायला माणूस पाठवणार असाल तर आखाजीला पाठवा. त्या दिवशी तो ठगूअक्काच्या ओसरीवर असतो. फक्त हात लावताना त्याला जपायला सांगा. कुंकू ओलं असतं.